डावी पाकळी

ता. मालवण
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. शेवंतीला दादाचे आशीर्वाद. तुझ्या रियालाही.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. घरात आता तीन फोन आहेत, पण मी फोन कानाला लावला की तुझी आनंदीवहिनी सूप घेऊन पडवीत तांदूळ निवडायला बसते आणि आमच्या ओमकारला नेमकं तेव्हाच दारात काम निघतं. म्हणून कागद घेतला. शिवाय फोनवर तू उलट विचारतेस आणि मला पटकन उत्तर सुचत नाही.

इकडे सगळं बरं आहे. भात झोडून झालं. लाल गायीला पाडी झाली, आईवर गेली आहे, आत्तापासूनच लाथा मारते. ओमकार दिवाळीभर तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर होता. लोकांना डॉल्फिन दाखवतो. दिसले नाहीत की घरी येऊन माझ्यावर चिडतो, जसे काय ते मीच लपवून ठेवलेत. बांगडा यंदा बरा आहे. तुझ्याकडे कोल्हापुरात मिळतो तो बांगडा नव्हे, त्याला बघून बांगड्याची आई रडेल.

आता मुद्द्याचं. ओमकारने तुला फोन करून सगळं सांगितलं, ते मला मागाहून कळलं. त्याला मी बरंच ऐकवलं. पण तू म्हणालीस, ‘दादाला महिनाभर माझ्याकडे ठेव, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे,’ हे त्याने सांगितल्यावर माझा राग उतरला. एवढ्या वर्षांत तू इथे पाय ठेवला नाहीस, देवळाकडे बघितलं नाहीस, आणि मला ठेवून घ्यायला तयार झालीस. वाचून बरं वाटेल असं काहीतरी तुला लिहायला हवं, पण मला ते जमत नाही.

पोराने अर्धवट सांगितलं असेल म्हणून नीट सांगतो. साडेतीन वर्षांपूर्वी नाकाच्या डाव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ, एक पुळी आली. ज्वारीच्या दाण्याएवढी, चकचकीत. चष्मा घासत असेल असं वाटलं. खपली धरायची, पडायची, जरा रक्त यायचं, परत खपली. मी देवीचा अंगारा लावत गेलो. हसू नकोस. गावातल्या शंभर जणांच्या फोडांना मी अंगारा दिलाय, माझ्या नाकाला काय डॉक्टर लावणार होतो? तीन वर्षं लावला. शेवटी कुडाळच्या डॉक्टरने तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला.

कोल्हापूरची डॉक्टरीण रियापेक्षा थोडीच मोठी असेल. पण बोलायला स्वच्छ. म्हणाली, “काका, हा पळणारा नाही, चालणारा आहे. सहसा दुसरीकडे पसरत नाही. पण याला थांबायचं कसं ते माहीत नाही, आणि हा डोळ्याकडे निघालाय.” ऑपरेशन करायचं तर नाकाचा कोपरा कापून कपाळाची कातडी तिथे आणायची, आणि माझ्या हृदयात ती जाळी बसवलेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. म्हणून रेडिएशन. आपण शेक म्हणतो तो. वीस वेळा, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. कातडी लाल होईल, सालं निघतील, मग भरून येईल. दहातले नऊ बरे होतात म्हणाली.

मापही घेऊन झालं. प्लास्टिकचा एक जाळीचा पत्रा गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर ओढून बसवतात. थंड झाला की टणक. मग त्याच्या कडा टेबलाला खटाखट अडकवतात, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि शेक नेमका जागेवर पडतो. डोळ्यावर शिशाचं झाकण. शेवंते, मला बुडाल्यासारखं झालं. हात वर केला, पाय आपटले. दोन मिनिटांत सोडवलं त्यांनी, पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. तो मुखवटा तिथल्या कपाटात माझं नाव लिहून ठेवलाय.

पण येणं होणार नाही. घरी आल्यावर मानकऱ्यांनी देवीला विचारलं. कौल डावा आला.

रियाला कौल म्हणजे काय ते माहीत नसेल, तिला सांग. देवीच्या मूर्तीला उजव्या नि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या गावाला हेच करून दिलंय. लग्न, घर, विहीर, आजार, सगळं. मी गुरव. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की देवी नाही म्हणते म्हणजे नाही. आता माझ्याच नाकावर आल्यावर बस धरून कोल्हापूर गाठू?

गेलो आणि बरा झालो तर देवी खोटी. गेलो आणि काही वाईट झालं तर लोक म्हणतील, बघा, मोडलान आणि भोगलान. नाही गेलो तर डोळा जातो. तिन्ही बाजूंनी दारं लावलेली आहेत. आनंदी रोज रडते, पण जा असं तीही म्हणत नाही.

तर तू वाईट वाटून घेऊ नकोस. आणि देवीला शिव्या घालू नकोस. तिचा काही दोष नाही.

तुझा
दादा


सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. शेवंती,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमनने हातात देताना विचारलं, “आज कोणाचा पत्र इला ह्या?” इतकी सवय मोडली आहे लोकांची.

तू चिडशील हे माहीत होतं. ‘त्या देवीने माझी नऊ वर्षं खाल्ली, आता तुझा डोळा खाणार?’ असं तू लिहिलंस. ‘मी येऊन तुला ओढत नेते,’ असंही. आणि खाली एक ओळ: ‘तुझा कौल कोणी लावला होता? तूच ना?’

त्या ओळीवर मी तीन दिवस बसलो आहे. देवळात जातो, पूजा करतो, घरी येतो, परत ती ओळ.

होय. मीच लावला. पूजेची पाळी आमची होती. भिकाजी, मुख्य मानकरी, म्हणाला की तुझ्याच आजाराचं आहे तर भावबंदांपैकी कोणी लावू दे. मी म्हटलं, मीच लावतो. तीनदा हात धुतले. दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, सारख्या दाबल्या. आणि डावी पडली.

‘सारख्या दाबल्या’ हे तू वाचलंस ना? गुरवाची पोर आहेस, तुला आता कळलं असेल. तरी लिहितो. तोंडाने सांगायची हिंमत मला कधी झाली नाही, निदान कागदावर तरी पूर्ण सांगायला हवं.

पाकळी अंगठ्याने दाबून खालची हवा काढली आणि भरपूर ओली ठेवली तर ती दीड तास हलत नाही. नुसती टेकवली, कोरडी, तर प्रश्न संपायच्या आधी पडते. हे बाबांनी मला शिकवलं नव्हतं. बाबा खरे होते. माझं मला कळलं.

एकोणनव्वद साली तुला नर्सिंगचं पत्र आलं. कोल्हापूर, तीन वर्षं, राहायची सोय. तू ते पत्र छातीशी धरून सगळ्या वाडीत फिरलीस. दहा महिने आधी आईला वारा गेलेला, अर्धं अंग लुळं, सगळं तूच करायचीस. बाबा म्हणाले, “आपण कोण ठरवणार? देवीक विचारूया.” आनंदीला पाचवा महिना होता. ती म्हणाली होती, शेवंती गेली तर माझ्याच्याने हे होणार नाही, मी माहेरी जाते. पण शेवंते, मी आनंदीवर ढकलणार नाही. मला स्वतःला आईची घाण काढायची किळस होती. मला भीती वाटायची की तू गेलीस की ते माझ्यावर येणार. सत्तावीस वर्षांचा घोडा होतो मी, आणि स्वतःच्या आईला हात लावायला घाबरत होतो.

मी उजवी पाकळी दाबून बसवली आणि डावी नुसती टेकवली.

बाबांचं देवीपुढचं गाऱ्हाणं अर्धं झालं नव्हतं, ती पडली. बाबा म्हणाले, “झाला. देवी नको म्हणता.” तू खांबाला धरून उभी होतीस. घरी जाऊन ते पत्र चुलीत घातलंस आणि आईच्या तोंडात पेज भरवायला बसलीस. मी हे सगळं बघितलं. मला तेव्हा सांगता आलं असतं. संध्याकाळीसुद्धा आलं असतं, दुसऱ्या दिवशी आलं असतं.

आई नऊ वर्षं जगली. मग तुझं लग्न, तेही दोन पोरांच्या बापाशी, कारण अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला दुसरं स्थळ येईना. त्याच कोल्हापुरात तू हॉस्पिटलात लागलीस, नर्स नाही, आया म्हणून. आई गेली तेव्हा तेराव्याला तू देवळाकडे बघून म्हणालीस, “देवीन माका बांधून घातल्यान.” मी शेजारीच होतो गो. तू तिला शिव्या देत होतीस आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. तुझा राग माझ्यावर आला नाही याचं मला बरंसुद्धा वाटलं होतं.

त्यानंतर मी आणखी काही वेळा हात चालवला, पण उलटा. आजाराचा प्रश्न आला की उजवी कोरडी ठेवायचो. न्या डॉक्टरकडे, देवी होय म्हणते. भिकाजीच्या बायकोचं पोट दुखत होतं तेव्हा तो अंगारा लावून थांबणार होता. मी उजवी पाडली, त्यांनी तिला गोव्याला नेलं, अपेंडिक्स फुटायला आलं होतं. असे पाच-सहा जण. मला वाटायचं, तुझं थोडं फेडतोय. कसलं फेडतोय! तुझी वर्षं भिकाजीच्या बायकोला देऊन तुझं कसं फिटणार?

आणि स्वतःच्या वेळी ठरवलं की आता काही करायचं नाही. ती म्हणेल ते. ती म्हणाली नाही. बोल आता.

त्या मुखवट्याखाली मला आई आठवली, असं मी मघाशी लिहिलं होतं आणि खोडलं. खोटं आहे ते. तू आठवलीस. माझी दोन मिनिटं होती, तरी मी पाय आपटले. तू नऊ वर्षांत एकदाही पाय आपटला नाहीस.

तुझ्याकडे राहायला यायला मला डाव्या कौलाने अडवलेलं नाही. तुझ्या घरचं अन्न मी कोणत्या तोंडाने खाऊ, हे अडवतं. आता तुला सगळं कळलं. मला ओढत न्यायला येऊ नकोस.

गुणाजीदादा


शनिवार, ६ डिसेंबर २०२५

शेवंती,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. वर ‘दादा’ नाही, ‘श्री. गुणाजी गुरव यांस’. बरोबर आहे.

‘मला सांगून काय उपयोग? मला माझी वर्षं माहीत आहेत. बाबा ज्या ठिकाणी उभे राहून फसले तिथे उभा राहून सगळ्यांना सांग. नंतर उपचार घे किंवा घेऊ नको, तुझी मर्जी.’ मला पाठ झालंय.

सांगितलं. काल, शुक्रवारी. जत्रेच्या तयारीची बैठक होती, सगळे मानकरी देवळात जमलेले. ओमकारही होता, यंदापासून तो माझ्याबरोबर कौल लावायला शिकणार होता. गाऱ्हाणं घालायला माझ्याइतका मोठा आवाज गावात कोणाचा नाही, आणि काल मी नुसता खाकरत राहिलो. एकजण म्हणाला, पाणी द्या रे तेका. पाणी प्यायलो. मग सांगितलं. तुझं आधी, नाव घेऊन, साल सांगून, का केलं तेही सांगून. किळस हा शब्दसुद्धा गाळला नाही. मग बाकीचे.

कोणी आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. कोणी केला नाही. त्याचाच त्रास जास्त झाला.

भिकाजी उठला. सत्तर वर्षांचा माणूस, मला लहानपणापासून ओळखतो. म्हणाला, “माझ्या बायलेच्या वेळेक?”

म्हटलं, “तोय मीच.”

तो मूर्तीकडे वळला. त्याची बायको आज जिवंत आहे, घरी नातवंडं खेळवते. मला शिवी घालावी की पाया पडावं, त्याला कळेना. मग म्हणाला, “सगळे तूच दिलंस. मगे तुका ह्यो डावो कोणी दिलो रे, गुणाजी?”

हात थरथरला असेल. डावा डोळा पाणावतो हल्ली, नीट दिसत नाही, दाबायला कमी पडलं असेल. असं मी स्वतःला सांगतो. पण चाळीस वर्षं ज्या दगडापुढे वाकलो, तिथे ते मनाला पटत नाही. गाभाऱ्यात वारा नव्हता.

बैठकीने ठरवलं ते ऐक. कौल आमच्या घराकडून काढला. पूजा दुसऱ्या भावबंदांकडे गेली. मला गाभाऱ्याची पायरी बंद, ओमकारलाही. त्याचा काय गुन्हा, असं मी विचारलं, तर कोणी वर बघितलं नाही. ओमकार माझ्या पुढे चालत घरी आला. दारात म्हणाला, “बाबा, माका तरी आधी सांगूक व्हया होता.” आणि बोटीवर निघून गेला. आनंदी चुलीपाशी बसली होती. मला म्हणाली, “मी तुमका असा करूक सांगलेलंय काय? माझा नाव कित्याक घेतलात?” तिचंही खरं आहे. छत्तीस वर्षं तिलाही मी देवीचीच गोष्ट सांगितली होती.

तुला वाटेल, सांगितल्याने हलकं झालं असेल. तसं काही झालं नाही. पूर्वी मी एकटाच आत अडकलो होतो, आता बायको-पोराला घेऊन अडकलोय. पाणंदीतून जाताना लोक बाजूला होतात. पूर्वीही व्हायचे, पण ते मानाने.

उद्या सकाळच्या एसटीने निघतो. सोमवारी दहा वाजता पहिला शेक. डॉक्टरीणबाईंना मी फोन केला, म्हटलं, तुमचा मुखवटा अजून आहे ना? त्या म्हणाल्या, “काका, तुमचीच वाट बघतोय तो.” पोरीला गंमत वाटली. ओमकार सोडायला येत नाही. एकटाच येतोय.

मी तुझ्याकडे उतरणार नाही. हॉस्पिटलच्या मागे एक धर्मशाळा आहे, तिथे पेशंटांना खोली मिळते, जेवणही मिळतं. रियाला सांगून ठेव, रस्त्यात दिसलो तर ‘मामा’ म्हणून धावत येऊ नकोस म्हणावं. तुझ्या मनात असेल ते कर. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि येऊ नकोस असं लिहायला मन होत नाही. सोमवार ते शुक्रवार, रोज दहा वाजता, मी त्या टेबलावर असेन.

एक गोष्ट लिहायची राहते. मी बरा व्हावा म्हणून येतोय हे खरं आहे. जगायची हाव आहे मला, डोळा हवा आहे, ते लपवत नाही. पण मी भयंकर घाबरलोय. तुझ्यापासून आजवर आजाराचे माझे कौल खोटे. आजाराचा एकच खरा लावला, दोन्ही पाकळ्या सारख्या दाबून, आणि तोच मोडून मी कोल्हापूरला येतोय. तुला मी खोटा डावा दिला, तू निमूट जागच्या जागी बसलीस. मला खरा डावा मिळाला आणि मी उठून चाललो. तिथे तोंडावर ते खटाखट अडकवतील तेव्हा मी कोणाचं नाव घेऊ, सांग. देवीचं घ्यायची लाज वाटते.

आशीर्वाद लिहायचा अधिकार उरलेला नाही. वयाने थोरला असूनही तुला नमस्कार करतो.

गुणाजी